दोन विमान कंपन्या एक होतात तेव्हा : वैमानिकांच्या खुर्च्यांचे गणित

दोन विमान कंपन्या एक झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिच्यात बहुधा एक बेरीज असते. एका कंपनीची विमाने इतकी, दुसरीची इतकी आणि दोन्ही मिळून इतकी. ती वाचून कोणालाही वाटेल की, विमाने तेवढीच राहिली तर ती चालवणारे वैमानिकही तेवढेच लागणार. मग अशा विलीनीकरणानंतर वैमानिकांचे संप का होतात? वर्षानुवर्षे कॅप्टन म्हणून काम केलेल्या माणसाला पुन्हा सहवैमानिक का व्हावे लागते? काहींची नोकरीच का जाते?

याचे कारण असे की, वैमानिकाची नोकरी कंपनीत असली तरी त्याची खुर्ची एका विशिष्ट जातीच्या विमानात असते, आणि त्या खुर्चीवर बसण्याचा त्याचा क्रम एका यादीत ठरलेला असतो. विलीनीकरणानंतर विमानांच्या जाती बदलतात आणि दोन याद्यांची एक यादी करावी लागते. या दोन गोष्टींचा परिणाम काय होतो, हे आपण साध्या अंकगणिताने आणि थोड्या पदार्थविज्ञानाने समजून घेऊ.

एका विमानाला वैमानिक किती?

विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डाव्या खुर्चीवर कॅप्टन बसतो, उजव्या खुर्चीवर सहवैमानिक. म्हणून एका विमानाला दोन वैमानिक पुरतात असे वाटते; पण विमान थकत नाही, माणूस थकतो. एका वैमानिकाने वर्षात १००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करू नये, असा नियम भारतात आहे आणि अमेरिकेतही आहे. रजा, आजारपण, प्रशिक्षण हे सर्व वजा केले तर प्रत्यक्षात ८०० तास मिळतात असे आपण धरू.

आता समजा, देशांतर्गत मार्गावरील एक लहान विमान दिवसाला १२ तास हवेत असते. वर्षाचे तास झाले १२ × ३६५ = ४३८०. याला ८०० ने भागले तर सुमारे साडेपाच येतात. म्हणजे या एका विमानाला साडेपाच जोड्या, अर्थात ११ वैमानिक हवेत.

दूरच्या मार्गावरील मोठ्या विमानाचा हिशेब वेगळा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जायला सुमारे १५ ते १६ तास लागतात. एवढा वेळ दोघांनी जागे राहून विमान चालवणे सुरक्षित नाही, म्हणून आळीपाळीने काम करण्यासाठी चार वैमानिक नेतात. असे विमान दिवसाला १५ तास उडते असे धरले, आणि सोपेपणासाठी चौघांचाही सर्व वेळ उड्डाणाचा मोजला, तर वर्षाचे वैमानिक-तास १५ × ३६५ × ४ = २१,९०० होतात. याला ८०० ने भागले की सुमारे २७ वैमानिक येतात.

एका लहान विमानामागे ११ वैमानिक आणि एका मोठ्या विमानामागे २७. तेव्हा ताफ्यात विमाने किती आहेत एवढ्यावरून वैमानिकांची संख्या ठरत नाही, ती कोणत्या जातीची आहेत हेही पाहावे लागते.

वैमानिक एका जातीशी बांधलेला का असतो?

मोटारीचा परवाना मिळाला की आपण कोणतीही मोटार चालवू शकतो. मोठ्या विमानांचे तसे नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन वेगळी मान्यता मिळवावी लागते. तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. हे बंधन कागदी नाही, त्यामागे पदार्थविज्ञान आहे.

एअरबस ए-३२० हे लहान विमान आणि बोइंग ७७७-३०० ईआर हे मोठे विमान घ्या. पहिल्याची लांबी सुमारे ३८ मीटर, दुसऱ्याची ७४ मीटर. उतरताना पहिल्याचे वस्तुमान जास्तीत जास्त सुमारे ६६ टन असते, दुसऱ्याचे सुमारे २५१ टन. गंमत अशी की, धावपट्टीकडे येतानाच्या त्यांच्या वेगांत फारसा फरक नसतो. पंखांनी मिळणारे उत्थापक बल पंखांच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोठ्या विमानाचे वजन जास्त तसे त्याच्या पंखांचे क्षेत्रफळही जास्त, त्यामुळे वेग जवळपास तेवढाच राहतो. पहिल्याचा वेग सेकंदाला ७० मीटर व दुसऱ्याचा ७७ मीटर धरू.

आता गतिज ऊर्जा काढा. ती वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी असते. ए-३२० साठी उत्तर येते सुमारे १६ कोटी ज्यूल, तर ७७७ साठी सुमारे ७४ कोटी ज्यूल. म्हणजे मोठ्या विमानाच्या वैमानिकाला धावपट्टीवर साडेचार पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. शिवाय तो जमिनीपासून अधिक उंचावर आणि मागच्या चाकांच्या बराच पुढे बसलेला असतो. जमिनीवर वळताना आपली खुर्ची कडेपलीकडे नेऊन मग वळावे लागते, नाहीतर मागची चाके गवतात जातील. ए-३२० मध्ये खुर्चीच्या बाजूला एक छोटी दांडी असते, तर ७७७ मध्ये समोर मोठे नियंत्रण-चक्र असते. संकटाच्या वेळी हात आपोआप कुठे जावा, ही सवय प्रत्येक जातीसाठी नव्याने लावावी लागते. ती जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये आणि नंतर अनुभवी वैमानिकाशेजारी बसून लावतात. यात कित्येक आठवडे जातात, आणि त्या काळात वैमानिकाला पगार मिळतो पण उड्डाणाचे काम होत नाही.

सर्वच जाती एकमेकींपासून इतक्या दूर नसतात. ए-३१९, ए-३२० आणि ए-३२१ या भावंडांसाठी एकच मान्यता चालते. बोइंगने आपले ७८७ हे विमानही असे बनवले की, ७७७ च्या वैमानिकाला थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणाने त्यावर जाता यावे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दोन रांगांची एक रांग

विमान कंपनीत कॅप्टन कोणी व्हावे, मोठे विमान कोणाला मिळावे, आणि कपात करायची झाल्यास आधी कोणी जावे, या गोष्टी बहुतांशी ज्येष्ठतेच्या यादीवरून ठरतात. रांगेत पुढे असलेला आधी निवडतो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत हा नियम फार कडक आहे. तेथे वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन दुसऱ्या कंपनीत नोकरीला गेला, तरी तो त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो.

आता एक छोटे उदाहरण घेऊ. ‘अ’ ही जुनी कंपनी आहे. तिच्याकडे ३ विमाने आणि ६ वैमानिक आहेत. अ-१, अ-२, अ-३ हे कॅप्टन, तर अ-४, अ-५, अ-६ हे सहवैमानिक. ‘ब’ ही नवी कंपनी आहे. तिच्याकडे दुसऱ्या जातीची २ विमाने व ४ वैमानिक आहेत. ब-१, ब-२ हे कॅप्टन, ब-३, ब-४ हे सहवैमानिक. (सोपेपणासाठी एका विमानाला एकच जोडी धरली आहे.) ‘ब’ मधील सर्वजण ‘अ’ मधील सर्वांच्या नंतर नोकरीला लागले आहेत. आता या कंपन्या एक झाल्या. एकूण ५ विमाने, म्हणून कॅप्टनच्या जागा ५.

रांग लावण्याची पहिली पद्धत नोकरीला लागल्याच्या तारखेची. तीत अ-१ ते अ-६ पुढे आणि ब-१ ते ब-४ मागे येतात. पहिले पाच कॅप्टन झाले. म्हणजे अ-४ आणि अ-५ यांना बढती मिळाली, आणि ब-१ व ब-२ हे कॅप्टन असलेले दोघे सहवैमानिक झाले. एकही विमान कमी झालेले नाही, तरीही असे घडले.

दुसरी पद्धत प्रमाणाची. ६ आणि ४ म्हणजे ३ : २. तेव्हा दर पाच जणांत तीन ‘अ’ चे व दोन ‘ब’ चे असावेत. रांग अशी होते : अ-१, ब-१, अ-२, ब-२, अ-३, अ-४, ब-३, अ-५, ब-४, अ-६. पहिले पाच मोजा. पूर्वीचे सर्व कॅप्टन कॅप्टनच राहिले. पण अ-६ तक्रार करील की, माझ्यानंतर नोकरीला लागलेले चौघेही आता माझ्या पुढे आहेत.

आता मुख्य घटना. नव्या कंपनीने ‘ब’ ची दोन्ही विमाने काढून टाकली. जागा उरल्या सहा, त्यांपैकी कॅप्टनच्या तीन. तारखेच्या रांगेत ‘ब’ चे चौघेही घरी जातील आणि ‘अ’ मधील प्रत्येक जण आपल्या जुन्या जागी परत येईल. प्रमाणाच्या रांगेत अ-१, ब-१ व अ-२ हे कॅप्टन राहतील. ब-२ आणि अ-३ हे कॅप्टनचे सहवैमानिक होतील. अ-४ सहवैमानिकच राहील, तर ब-३, अ-५, ब-४ आणि अ-६ यांची नोकरी जाईल. शिवाय ब-१ व ब-२ यांना ‘अ’ च्या विमानाचे प्रशिक्षण द्यावे लागेल. तोटा एकूण तेवढाच आहे, चार नोकऱ्या आणि दोन कॅप्टनपदे. तो कोणाच्या वाट्याला येणार हे मात्र यादीने ठरवले.

म्हणून प्रत्यक्षात कधीकधी तडजोड म्हणून यादीत ‘कुंपण’ घालतात. काही वर्षे ‘अ’ ची विमाने ‘अ’ च्या वैमानिकांनी आणि ‘ब’ ची ‘ब’ च्या वैमानिकांनीच चालवायची असे ठरते. पण जी विमानेच विकली गेली, त्यांच्याभोवतीचे कुंपण कोणाला राखणार?

जाणारे विमान : बोइंग ७१७ ची कथा

अमेरिकेतील एकाच जातीच्या विमानाने दोन विलीनीकरणांत हा प्रश्न उभा केला. सुमारे शंभर-सव्वाशे प्रवाशांचे हे विमान मॅकडोनेल डग्लस कंपनीने आखले होते. ही कंपनी १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाल्यावर विमानाला बोइंग ७१७ असे नाव मिळाले.

२००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली. टीडब्ल्यूएकडे ७१७ जातीची विमाने होती, अमेरिकनकडे नव्हती. अमेरिकनने ती ठेवली नाहीत. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना अमेरिकनच्या यादीच्या शेवटी जोडण्यात आले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे अतिरेकी हल्ले झाले, विमान प्रवास एकदम घटला आणि कपात सुरू झाली. कपात यादीच्या शेवटाकडून होते, त्यामुळे तिचा मोठा वाटा टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना सोसावा लागला. या अनुभवातून २००७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. दोन याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्यात आणि एकमत न झाल्यास लवादाकडे जावे, असे त्याने ठरवले.

टीडब्ल्यूएच्या त्या विमानांपैकी काही पुढे एअरट्रान या कंपनीकडे गेली. मे २०११ मध्ये साउथवेस्ट या कंपनीने एअरट्रान विकत घेतली. त्या वेळी एअरट्रानकडे ८८ बोइंग ७१७ आणि ५२ बोइंग ७३७ विमाने होती. साउथवेस्टचा सगळा ताफा ७३७ चा.

एकाच जातीचा ताफा कंपनीला हवासा का वाटतो? सुटे भाग व प्रशिक्षण स्वस्त पडते हे एक कारण. दुसरे कारण संख्याशास्त्राचे आहे. समजा, १०० वैमानिकांच्या गटात रोज सरासरी १० जण गैरहजर असतात. हा आकडा दररोज नेमका १० नसतो, तो सुमारे ३ ने खालीवर होतो. खबरदारी म्हणून दुप्पट चढउतार धरला तर १० + ६ = १६ राखीव वैमानिक लागतात. वेगवेगळ्या जातींवर असे दोन गट असतील तर ३२ राखीव लागतील. दोन्ही गट एकाच जातीवर आणले तर सरासरी गैरहजेरी २० होते, पण चढउतार दुप्पट न होता √२ पट, म्हणजे सुमारे ४.२ होतो. तेव्हा २० + ८.५, म्हणजे २९ राखीव पुरतात. प्रवाशांना काहीही न जाणवता तीन जागा वाचल्या. कंपनीच्या दृष्टीने ही बचत आहे, आणि नोकरी शोधणाऱ्या तीन तरुणांच्या दृष्टीने तीन जागा कमी झाल्या.

साउथवेस्टने ७१७ न ठेवण्याचे ठरवले. २०१२ मध्ये ही सर्व ८८ विमाने डेल्टा या कंपनीला भाड्याने देण्याचा करार झाला. एअरट्रानचे शेवटचे उड्डाण २८ डिसेंबर २०१४ रोजी झाले. तिच्या वैमानिकांना साउथवेस्टने कामावर ठेवले आणि तेथील पगाराची श्रेणीही वरची होती. पण ७१७ वरील कितीतरी कॅप्टनांना ७३७ च्या उजव्या खुर्चीवर बसावे लागले. यादीचा करार दोन्ही बाजूंच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०११ मध्ये मतदानाने मान्य केला होता.

इकडे डेल्टाने ७१७ विमाने २०१३ पासून वापरात आणली आणि तेथे कॅप्टनच्या नव्या जागा निर्माण झाल्या. त्या डेल्टाच्या यादीतील लोकांना मिळाल्या. खुर्ची नाहीशी झाली नव्हती, विमानाबरोबर दुसऱ्या कंपनीत गेली होती. पण तिच्यावर बसणाऱ्याला आपली ज्येष्ठता घेऊन तिच्यामागे जाता येत नव्हते.

येणारे विमान : आपल्याकडील ७८७ चा वाद

भारतात उलट प्रकार घडला. येथे वाद गेलेल्या विमानावरून झाला नाही, येणार असलेल्या विमानावरून झाला.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आणि मुख्यतः देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. पुढे एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली. त्यांत २७ विमाने ७८७ जातीची होती. इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमाने मागवली, ती सर्व ए-३२० च्या कुटुंबातील. त्यानंतर २००७ मध्ये या दोन्ही सरकारी कंपन्या एक करण्यात आल्या.

७८७ अजून आलेच नव्हते. ते कोणी चालवायचे? पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचे म्हणणे असे की, हे विमान आमच्या कंपनीने मागवले, आम्ही बोइंगवर काम केलेले आहे आणि आमची बढती या विमानांवर अवलंबून आहे. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे म्हणणे असे की, कंपनी आता एकच आहे, मग मोठ्या विमानाची दारे आम्हांला बंद का? वर काढलेले आकडे आठवा. ७७७ वरून ७८७ वर जायला थोडे दिवस पुरतात, ए-३२० वरून जायला जास्त काळ लागतो. पण तांत्रिक सोय हा एक मुद्दा आणि समान संधी हा दुसरा. गणित पहिल्याचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही.

मे २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम बंद केले. दुसऱ्या गटाला ७८७ चे प्रशिक्षण देण्यास त्यांचा विरोध होता. दिल्ली उच्च न्यायालयाने संप चालू ठेवण्यास मनाई केली, कंपनीने अनेक वैमानिकांना कामावरून काढले, तरीही संप चालला. तो जुलैच्या आरंभी, सुमारे दोन महिन्यांनी मिटला. पहिले ७८७ सप्टेंबर २०१२ मध्ये भारतात उतरले. विलीनीकरणाला पाच वर्षे झाली होती, पण वैमानिकांची रांग तोवर खऱ्या अर्थाने एक झालेली नव्हती.

वाढता ताफा हे औषध

मग प्रत्येक विलीनीकरण वैमानिकांना नुकसानीचेच असते काय? तसे नाही. खासगी मालकीच्या झालेल्या एअर इंडियात १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी विलीन झाली. विस्ताराकडे ७० विमाने होती आणि ती ए-३२० कुटुंबातील व ७८७ जातीची होती. या दोन्ही जाती एअर इंडियाकडेही होत्या, म्हणून कोणाच्या खुर्चीखालून विमानच निघून गेले असे झाले नाही. शिवाय एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर केली होती. ताफा वाढत असेल तर रांगेतील प्रत्येक जण पुढे सरकतो, आणि दोन जागा मागे गेलेल्यालाही काही वर्षांत कॅप्टनपद मिळते. ताफा स्थिर असेल किंवा घटत असेल, तर तेच दोन क्रमांक आयुष्यभर बोचतात.

तेव्हा यापुढे विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी वाचाल तेव्हा नुसती विमानांची बेरीज वाचून थांबू नका. तीन प्रश्न विचारा. कोणत्या जातीची विमाने जाणार आणि कोणती येणार? जुन्या जातीवरून नव्या जातीवर जायला किती प्रशिक्षण लागणार? आणि दोन रांगांची एक रांग कोणत्या नियमाने लावली जाणार? यांची उत्तरे मिळाली की कोणाची खुर्ची राहील आणि कोणाची जाईल, हे तुम्हांला वहीच्या एका पानावर काढता येईल.

करून पाहा

१. एका कंपनीने वरील हिशेबातील एक मोठे विमान विकून दोन लहान विमाने घेतली. विमाने वाढली, वैमानिक वाढले की घटले?

२. ‘अ’ आणि ‘ब’ च्या उदाहरणात ‘ब’ चे एकच विमान काढले, म्हणजे एकूण ४ विमाने उरली, तर दोन्ही पद्धतींत कॅप्टन कोण आणि नोकरी कोणाची जाईल?

३. प्रत्येकी १०० वैमानिकांचे चार गट एकाच जातीवर आणले तर किती राखीव वैमानिक वाचतील?

उत्तरे : (१) २७ वरून २२, म्हणजे ५ ने घटले. (२) तारखेप्रमाणे कॅप्टन अ-१ ते अ-४, नोकरी ब-३ व ब-४ यांची. प्रमाणाप्रमाणे कॅप्टन अ-१, ब-१, अ-२, ब-२, नोकरी ब-४ व अ-६ यांची. (३) ६४ ऐवजी ४० + १२ = ५२ लागतील, म्हणून १२ वाचतील.